तारीख तर मिळाली, पण पुढं काय? वाचकांचे कोर्ट-कचेरीचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कायद्याच्या कलमांपेक्षा कोर्टाच्या कारभाराबद्दलच जास्त विचारलंय, म्हणजे जजसाहेब बदलून गेले आता काय, नक्कल मिळंना, केस अ‍ॅपवर दिसंना, असे प्रश्न. मला हे बरं वाटलं. माझी नोकरीची बरीच वर्षं कोर्टाच्या ऑफिसातच गेली आणि तिथं सारखं दिसायचं की माणूस कायद्यापायी जेवढा अडकतो त्याहून जास्त कारभार माहीत नसल्यामुळं अडकतो. पत्रं थोडी कापून घेतलीत, कुणाचं नाव दिलेलं नाही.

आमचा वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात आहे. पुरावा अर्धा झाला आन् साहेबांची बदली झाली. तेव्हापासून इन्चार्ज साहेब हायेत, नुसती तारीख पडते. नवीन साहेब आल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागंल का? आमदारसाहेबांना सांगून जज लवकर आणता येईल का? (वाचक, परभणी जिल्हा)

आधी शेवटचं सांगतो. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांची बदली, नेमणुकीचं ठिकाण, रजा, बढती हे सगळं हायकोर्टाच्या हातात असतं, घटनेच्या कलम २३५ नुसार. मंत्रालयातून किंवा आमदार-खासदारांच्या पत्रानं जज येत नसतो आणि तसा यायलाही नको, उद्या समोरच्या पार्टीचा आमदार असला तर तुम्हालाच ते महागात पडेल. भरतीसाठी कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांची परीक्षा एमपीएससी घेते, नेमणूक हायकोर्टाच्या सल्ल्यानं होते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं या परीक्षेला बसायला किमान ३ वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली, त्यामुळं कॉलेजमधून निघून थेट जज होण्याचा रस्ता आता बंद झालाय. बदल्या साधारण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास निघतात, रिकामी जागा तेव्हाच भरायची शक्यता जास्त असते.

आता इन्चार्ज साहेबांचं. त्यांचं स्वतःचं कोर्ट असतं, त्यावर तुमच्या कोर्टाचं ओझं. ते जामीन, रिमांड, मनाई हुकूम अशी तातडीची कामं बघतात आणि बाकीच्यांना तारीख देतात. म्हणून तुमच्या कामात खरंच काही तातडीचं असेल, समोरचा माणूस जमीन विकायला निघालाय, बांध फोडतोय, तर तसा अर्ज लेखी द्या आणि आजच ऐका अशी विनंती करा, इन्चार्ज साहेबांना तो ऐकायचा अधिकार आहे. वादी म्हातारा असेल, आजारी असेल तर वयाचा दाखला जोडून लवकर सुनावणीचा अर्जही देता येतो. तोंडी सांगून काही होत नाही, कागद द्या आणि त्याची पोच घ्या.

पहिल्यापासून करावं लागेल का, तर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८ नियम १५ प्रमाणं आधीच्या न्यायाधीशांनी घेतलेला पुरावा तसाच धरून नवीन न्यायाधीश तिथून पुढं चालवू शकतात. साक्षीदारांची सरतपास (स्वतःच्या वकिलानं घेतलेली), उलटतपास (समोरच्या वकिलानं घेतलेली) झाली असेल ती वाया जात नाही. फक्त एक, शेवटचा युक्तिवाद झाला आणि निकाल देण्याआधीच साहेब गेले तर युक्तिवाद नव्या साहेबांपुढं पुन्हा करावा लागतो, कारण ऐकलं एकानं आणि निकाल दिला दुसऱ्यानं असं चालत नाही.

आणि एक काम घरबसल्या करा. तुमच्या केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. सुरुवातीला एमएच, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, मग कोर्टाचे दोन आकडे, केसचे सहा आकडे आणि शेवटी वर्ष. वकिलांना मागा, नाही दिला तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रावर दोन्ही पार्ट्यांची नावं सांगून काढून घ्या. मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात तो नंबर टाकला की पुढची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे आणि मागच्या तारखांना काय झालं हे दिसतं. तारखेवर क्लिक करून बघा. तिथं 'वादी गैरहजर, तहकुबीचा अर्ज मंजूर' असं दिसलं आणि वकील म्हणत असतील की साहेबच नव्हते, तर वकिलांना शांतपणे विचारा की हे काय लिहिलंय. रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचणं हा तुमचा हक्क आहे, पार्टी तुम्ही आहात. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

कोल्हापूरला हायकोर्ट झालं म्हणतात. आम्हाला परंड्याहून बार्शी, सोलापूर जवळ आहे. आमच्या धाराशिवच्या केसेस आता कोल्हापूरला जाणार का? (वाचक, परंडा)

नाही, धाराशिव संभाजीनगरच्या खंडपीठाकडंच आहे. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याच्याकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे दिलेत, धाराशिव-लातूर त्यात नाहीत.

पण तुमच्या बाबतीत एक बारकी गोष्ट बघावी लागेल. हायकोर्ट कुठलं हे तुम्ही राहता कुठं यावरून ठरत नाही, अपील ज्या कोर्टाच्या निकालावर आहे ते कोर्ट कुठल्या जिल्ह्यात, यावरून ठरतं. तुमच्या भागात पुष्कळ लोकांची जमीन बार्शी तालुक्यात आणि घर परंड्यात असतं, मग बार्शीच्या जमिनीचा दावा सोलापूर जिल्ह्यात चालला असेल तर त्याचं हायकोर्टातलं अपील कोल्हापूरला जाईल. शेजारच्या गटाचं, पण धाराशिव जिल्ह्यात चाललेलं काम संभाजीनगरला. सख्ख्या भावांचे दोन दावे दोन हायकोर्ट बेंचकडं असं होऊ शकतं.

आता विषय निघालाच आहे तर आपल्या खंडपीठाबद्दल जरा सांगू द्या, तरुण पोरांना हे माहीतच नसतं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि आपलं हायकोर्ट हैदराबादला होतं. मग राज्य पुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात आलो आणि हायकोर्ट गेलं मुंबईला. तब्बल २५ वर्षं नांदेडच्या, उमरग्याच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत होती, त्या काळात, रात्रभर पॅसेंजरनं, आणि तिथं उतरायचं कुठं हा प्रश्न वेगळाच. वकील मंडळींनी आणि लोकांनी लावून धरलं तेव्हा २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला बेंच बसलं, तेही राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मंजुरीनं काढलेल्या आदेशानं. त्यालाही आव्हान दिलं गेलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं बेंच योग्य ठरवलं, आणि १९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानं ते कायमचं झालं. कोल्हापूरचं बेंच सुरू झालंय तेही याच ५१(३) खाली. आज संभाजीनगरकडं मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे आहेत. मला वाटतं हे खंडपीठ मराठवाड्यानं मिळवलेल्या मोठ्यातल्या मोठ्या गोष्टींपैकी एक आहे आणि शाळेत पोरांना ते शिकवायला पाहिजे.

मी आणि मालक ऊसतोडीला जातो. वडील वारल्यावर भावांनी सातबाऱ्यावर माझं नाव लागू दिलं नाही म्हणून दावा केला. दसऱ्यानंतर आम्ही कारखान्यावर गेलो तर इकडं तारखा पडत राहिल्या, आता कळलं की माझा दावाच काढून टाकला. पुन्हा करायचा तर वकिलाला द्यायला पैसे नाहीत, कोर्टाची फीसही भरावी लागंल म्हणतात. आता काय करू? (वाचक भगिनी, बीड जिल्हा)

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बीडमधून, आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, दरवर्षी असे दावे गैरहजेरीत निघतात, आणि ज्यांचे निघतात ती माणसं तेव्हा सांगली, कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडात कोयता चालवत असतात. त्यात तुमचा गुन्हा काहीच नाही, पण कायद्याची मुदत मात्र धावत असते, म्हणून उशीर करू नका.

सगळ्यात आधी दावा कोणत्या तारखेला निघाला ते बघा. वादी गैरहजर म्हणून काढून टाकलेला दावा पुन्हा फाईलवर घ्यायचा अर्ज करता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ९ नियम ९, मुदत दावा निघाल्यापासून ३० दिवस. ३० दिवस उलटले असतील तर त्याच्यासोबत उशीर माफीचा अर्ज द्यायचा, मुदत कायद्याचं कलम ५. त्यात खरं कारण लिहा, ऊसतोडीला बाहेर होतो. नुसतं लिहून भागत नाही, पुरावा जोडा. मुकादमाचा दाखला, उचल घेतल्याचा कागद, कारखान्याचं टोळीचं कार्ड किंवा स्लिप, ग्रामपंचायतीचा स्थलांतराचा दाखला, पोरांना साखरशाळेत घातलं असेल तर तिथला दाखला, जे हाताला लागेल ते. मुकादम दाखला द्यायला का-कू करतील, तरी मागा, आणि नाहीच दिला तर टोळीतल्या दोन माणसांची शपथपत्रं चालतात.

आता पैशाचं. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. दुष्काळ किंवा पुरात सापडलेल्या माणसालाही तोच हक्क आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, जिल्ह्याला जिल्हा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज, आधार कार्ड आणि दाव्याचे असतील ते कागद, एवढ्यावर काम होतं. नाहीच समजलं तर १५१०० ला फोन करा, फोनला पैसे पडत नाहीत. तिथून मिळालेल्या वकिलानं वेगळे पैसे मागायचे नसतात, मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना सांगा, ते स्वतः न्यायाधीश असतात.

आणि कोर्ट फी! महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून बाईला काही कामांत कोर्ट फी माफ आहे, तुमच्या दाव्याला ती माफी लागते का ते विधी सेवेच्या वकिलांकडून पक्कं करून घ्या. इतकी जुनी गोष्ट, तरी अजून कितीतरी बायका फीच्या धाकानं भावाच्या हक्कसोड पत्रावर अंगठा देऊन मोकळ्या होतात, हे मनाला फार लागतं. तुम्ही सही करू नका. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील जिवंत असायला पाहिजेत असं काही नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झालेली असेल तर ती मोडत नाही, तेवढं वकिलाला दाखवून घ्या.

दावा परत फाईलवर आला की पुढच्या हंगामाची सोय आत्ताच करा. दिवाणी दाव्यात प्रत्येक तारखेला तुम्ही स्वतः पाहिजेच असं नसतं, वकील हजर असले तरी चालतं. तुम्ही लागता ते मुख्यतः तुमच्या साक्षीला. म्हणून वकिलांना सांगून अर्ज द्या की वादी ऊसतोड मजूर आहे, साक्ष उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात ठेवावी. कोर्टं असे अर्ज ऐकतात. आणि वकालतनाम्यावर, अ‍ॅपवर तुमचा जो मोबाईल नंबर टाकाल तो कारखान्यावर सोबत असतो तोच द्या, गावाकडं दिराकडं राहिलेला नको, कारण तारखेचा मेसेज त्याच नंबरवर येतो.

निकाल लागला, आमच्या विरोधात गेला. नक्कल मागितली तर रोज उद्या या म्हणतात, एकानं तर चहापाण्याचं विचारलं. अपिलाची मुदत निघून जाईल का? (वाचक, नांदेड जिल्हा)

नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, मुदत कायदा कलम १२, त्यामुळं घाबरू नका. पण वजा कोणते दिवस होतात ते नीट समजून घ्या. नक्कल हातात आली की तिच्या शेवटच्या पानावरचा शिक्का बघा, तिथं तीन तारखा असतात, अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, आणि तुम्ही नेली कधी. वजा होतात ते पहिल्या तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचे दिवस. तयार झालेली नक्कल तुम्ही पंधरा दिवसांनी नेली तर ते पंधरा दिवस तुमच्या डोक्यावर. निकालानंतर अर्जच वीस दिवसांनी दिला तर तेही वीस तुमचेच. म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कलेचा अर्ज टाकायचा. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस.

चहापाणी देऊ नका. नकलेची ठरलेली फी असते तेवढीच द्यायची. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावानं लेखी तक्रार द्या, अर्जाचा नंबर आणि तारीख टाकून. पैसे मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर करता येते. ऑफिसात इमानदारीनं राबणारी माणसं भरपूर आहेत, एक-एक क्लार्क दोन-दोन टेबलं सांभाळतो, आणि अशा एकामुळं सगळ्यांचं नाव खराब होतं, त्यांच्यासाठीसुद्धा तक्रार करा.

माझ्या फेरफारची केस तहसील कोर्टात आहे, ई-कोर्ट अ‍ॅपवर दिसत नाही. केस गायब केली का? (वाचक, हिंगोली)

गायब नाही केली. तहसीलदार, प्रांत, अप्पर कलेक्टर यांच्यापुढची कामं महसूल खात्याची, हायकोर्टाच्या हाताखालच्या कोर्टांची नाहीत, म्हणून त्या अ‍ॅपवर येत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारची ई-क्यूजे-कोर्ट्स नावाची वेगळी साईट आहे, तिथं बघा. तहसीलदारांच्या निकालावर प्रांताकडं अपिलाला ६० दिवस असतात. आणि फेरफारनं मालकी ठरत नाही, मालकीचा वाद असेल तर शेवटी दिवाणी कोर्टातच जावं लागतं, हे आताच ध्यानात घ्या म्हणजे तहसीलच्या चकरांत वर्षं जाणार नाहीत.

लोकअदालतीत तडजोड केली तर पुढं अपील करता येतं का? (वाचक, जालना)

नाही. लोकअदालतीचा निवाडा शेवटचा, त्यावर अपील नसतं. भरलेली कोर्ट फी मात्र परत मिळते. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करायच्या आधी तो मोठ्यानं वाचून घ्या, गट नंबर, रक्कम, पैसे द्यायची तारीख, सगळं. गर्दी असते, घाई असते, तरी वाचल्याशिवाय सही नको. पटलं नाही तर नाही म्हणा, केस परत कोर्टात जाते, तुमचं नुकसान काही होत नाही.

आमच्या आजोबांच्या नावे निजामाच्या काळातला कोर्टाचा फैसला आहे, उर्दूत. त्याच्यावर शिक्के आहेत पण घरात कुणाला वाचता येत नाही. आता जमिनीच्या वादात हा कागद चालेल का? खालच्या कोर्टात सगळं मराठीत चालतं का? (वाचक, उदगीर)

चालू शकतो, आणि चांगला उपयोगी पडू शकतो. तीस वर्षांहून जुना कागद ज्याच्याकडं असायला पाहिजे त्याच्याच ताब्यातून आला तर तो खरा आहे असं कोर्टाला धरता येतं. जुनं उर्दू नीट वाचणारा जाणकार गाठून आधी नुसतं वाचून घ्या, त्यात काय आहे हे कळू द्या, मग कोर्टात द्यायला भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र. फैसल्यावर कोर्टाचं नाव, नंबर आणि साल असेल, साल बहुतेक फसलीमध्ये, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली सालात असेल, त्याचं इसवी सन करायला साधारण ५९० मिळवा. तो नंबर घेऊन जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये शोध घ्यायचा अर्ज द्या, मूळ फाईल सापडली तर तिची नक्कल काढून ठेवा. सोबत १९५४-५५ चं खासरा पत्रकही (जमिनीची जुनी सरकारी नोंद) काढा, मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात कोर्ट ते हमखास मागतं, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात ते मिळतं.

जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ ची अधिसूचना आहे तशी, त्यामुळं तुम्ही मराठीत अर्ज देऊ शकता. निकालपत्रं अजून पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत येतात, तेव्हा वकिलांकडून अर्थ समजून घ्या. हायकोर्टाचं काम इंग्रजीत, घटनेच्या कलम ३४८ प्रमाणं.

आणि तो मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नका, वकिलांनासुद्धा पोच घेतल्याशिवाय देऊ नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, जुना कागद त्यात चिकटला की मागचे शिक्के आणि शाई तपासता येत नाही. सुती कापडात सरळ ठेवा, घडी पडते तिथंच तो फाटतो. दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात फोटो काढून घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि त्यातलाच एक आम्हाला पाठवलात तर कागदावरचं कोर्टाचं नाव आणि साल वाचून कळवतो.